दुधाचा रकाना

हिरंगटोला
(घोटपासून जंगलात, बंडीनं अर्ध्या दिवसाची वाट)
ता. ४ मार्च १९८६

आदरणीय आत्या हिला लटारूचा सविनय जयभीम.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझी तब्येत कशी आहे हे तुलाच विचारायचं होतं. श्रावणभाऊंच्या कार्डावरून ते कळत नाही. ते दर वेळी 'आई बरी आहे' एवढंच लिहितात, आणि तुला विंचू चावून तू दोन दिवस कण्हत पडली होतीस तेव्हाही त्यांनी हेच लिहिलं होतं. तर गुडघा कसा आहे? मोहाच्या टोळीचं तेल चोळतेस की बाटली शिंक्यात ठेवून नुसती बघतेस? डोळ्यांतून पाणी येत होतं ते थांबलं का? श्रावणभाऊंच्या जर्सी गाईचं बरं चाललं आहे ना? मागल्या उन्हाळ्यात तिच्यासाठी गोठ्यात पंखा लावला आणि घरातली माणसं ओसरीवर पुठ्ठ्यानं वारा घेत बसली, असं कानावर आलं. गाईला जयभीम सांगायची पद्धत नाही, नाहीतर तिलाही सांगितला असता.

सत्यशीलावहिनींना जयभीम. हे पत्र त्याच तुला वाचून दाखवणार, म्हणून त्यांना एक विनंती. वहिनी, या पत्रात जे जे कंसात लिहिलं आहे ते तुमच्यापुरतं आहे, मोठ्यानं वाचू नका. (उदाहरणार्थ हे. वाचता वाचता आत्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. तिनं पदर दाताखाली धरला तर घाईनं पुढे वाचत जा, थांबू नका. आणि ती उठून गोठ्याकडे निघाली तर गोठ्यात जाऊन वाचा.) आणि आत्या, मला तुझ्याकडून काही नको आहे, हे आधीच सांगतो. सहज आठवण आली म्हणून लिहितो आहे.

दोन पोळे होऊन गेले, आत्या, तू माझ्याशी बोलली नाहीस. चूक माझी आहे, हे मी त्या दिवशी संध्याकाळीच कबूल केलं होतं, पण तू तेव्हा ऐकत नव्हतीस म्हणून आता लेखी कबूल करतो. मी गुरांच्या दवाखान्याच्या ट्रेनिंगहून नवाच आलो होतो. खाकी पिशवीत नवा चिमटा, खिशात नवा पेन. मोहीम सुरू झाली होती की गावठी वळू राहू द्यायचे नाहीत, सगळे खच्ची करायचे, म्हणजे चांगल्या रक्ताची वासरं होतील. आपल्या पोंभुर्ण्याकडचा एकही माणूस आपला गोऱ्हा आणायला तयार नव्हता. सगळे म्हणत होते, आधी तुमच्या घरचा आणा. आणि तू बाजाराला गेली होतीस. मी घरी आलो, आपला गोऱ्हा पिंजऱ्या दावणीला उभा होता, मला ओळखून त्यानं हात चाटला, आणि मी त्याला घेऊन गेलो. फोटो निघाला. त्यात मी आहे, साहेब आहेत, चिमटा आहे, आणि हार पिंजऱ्याच्या गळ्यात आहे. (वहिनी, तो फोटो अजून चुलीत गेला नसेल तर आता टाका.) तू बाजारातून आलीस, डोक्यावरची टोपली खाली ठेवलीस, पिंजऱ्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "ज्या गाईचं दूध पिऊन वाढला, तिचाच वंश बुडवला रे पोट्ट्या." बस, एवढंच. त्यानंतर आजतागायत तुझा माझ्याशी जो काही व्यवहार झाला तो वहिनींच्या मार्फत. मी ताटावर बसलेला, तू समोर, हातात भाजीची पळी, आणि तू वहिनींना सांगणार, "भाजी घे म्हना त्याले." मी वहिनींना सांगणार, पुरे म्हणा. आणि वहिनी बिचाऱ्या चुलीजवळून दोघांचं ऐकून दोघांना सांगणार. आपल्या तिघांत सगळ्यांत जास्त त्याच बोलल्या.

असो. पुढे माझी बदली या नव्या जिल्ह्यात झाली आणि मी इथं आलो. हिरंगटोला म्हणजे एकतीस घरं, सगळी गोंडांची, एक नाला, सव्वादोनशे गुरं, आणि मी. पहिल्याच सकाळी मला वाटलं, नशीब काढलं. जिकडे बघावं तिकडे गाय. तुला माझी सवय माहीत आहे, दिवसाला सहा कप चहा लागतो, आणि चहात दूध असं पाहिजे की चमचा बुडल्यावर दिसू नये. मी गावचा गुराखी सुकलूभाऊ याला लोटा दिला आणि म्हटलं, थोडं दूध आणून द्या. (सुकलूभाऊ साठीचा असेल. अंगानं काटक, बोलणं कमी, आणि एकदा ऐकलेलं कधी विसरत नाही.) त्यानं लोटा उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "वासरू मेलं काय कोनाचं?"

मी म्हटलं, नाही, चहाला पाहिजे.

"चाहाले? अन् वासरू काय पिईन मंग?"

आत्या, या गावात गाय दोहत नाहीत. आजची गोष्ट नाही, आज्या-पणज्यापासून. दूध वासराचं आहे, त्याच्या आईनं त्याच्यासाठी केलं आहे, त्यात माणसाचा संबंध काय, असं त्यांचं सरळ म्हणणं. गाय त्यांना शेण देते, बैल देते, तेवढं पुरतं. मी त्यांना सांगितलं की बाहेर सगळे लोक दूध पितात. सुकलूभाऊनं मान हलवली, आपण परगावच्या वाईट चालीरीती ऐकून हलवतो तशी. तेव्हापासून मी गुळाचा कोरा चहा पितो आहे. सव्वादोनशे गुरांच्या गावात. कधी कधी कप हातात धरून दारात बसलो की गाई समोरून जातात आणि मी कपाकडे न बघता त्यांच्याकडे बघून पितो, म्हणजे जरा बरं लागतं.

तर मुद्दा. (वहिनी, 'तर मुद्दा' हे मोठ्यानं वाचा, आत्याला वाटायला पाहिजे की आता मुद्दा येतो आहे.) जानेवारीत आमच्या साहेबांचा हुकूम आला. मार्च संपायच्या आत माझ्या हद्दीतले सगळे गावठी वळू खच्ची. सूट फक्त त्याला, जो चांगल्या जातीचा आहे असं प्रपत्र भरून सिद्ध होईल, आणि त्यातही दुहेरी उपयोगाच्या जातीला पहिला मान, म्हणजे गाय दूध देणारी आणि बैल काम करणारा. हिरंगटोल्यात वळू एकच. नाव मुंग्या. सोनीबाई नावाची एकटी म्हातारी आहे, तिचा. तसा तो सगळ्या गावाचाच, पण रात्री तिच्या परसात बसतो, म्हणून तिचा म्हणायचं. मी पिशवी घेऊन तिच्या अंगणात गेलो. ती मोहाच्या झाडाखालची जागा झाडत होती. झाडू न थांबवता म्हणाली, "चिमटा आनला का?"

"आणला, बाई."

"मंग कर. पर एक सांग. पुढच्या साली माही गाय कोनाकडे पाहीन?"

मी तिला समजावलं की सरकारकडून सुईचा सांड येतो, बर्फाच्या पिपात, जर्सी जातीचा, फुकट.

"पावसाळ्यात नाला भरते तवा कसा येते?"

"तेव्हा थोडं थांबावं लागेल."

"गाय थांबते काय?"

आत्या, मी अकरा महिने ट्रेनिंग केलं, पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिनं झाडू टेकवला, कमरेवर हात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं मी पोंभुर्ण्याच्या अंगणात उभा आहे आणि टोपली नुकतीच खाली ठेवली गेली आहे. रागावली नव्हती, रडत तर नव्हतीच. नुसती बघत होती. मी चिमटा पिशवीत परत घातला आणि म्हटलं, बाई, आधी प्रपत्र भरून पाहू.

ते प्रपत्र भरणं म्हणजे काय झालं ते ऐक. पहिला रकाना, जातीचं मूळ. आमच्या पुस्तकात दुहेरी उपयोगाच्या जातींचं एक प्रकरण आहे आणि त्यात आपल्या विदर्भातली एकच, वर्धा-नागपूरकडची गवळाऊ. अंगानं पांढरी, तोंड लांब आणि निमुळतं, पायानं चपळ, जुन्या काळी फौजेचं सामान घेऊन पळायची असं म्हणतात. गाय दुधाला बरी, बैल नांगराला आणि बंडीलाही. मी ठरवलं, मुंग्याला गवळाऊच्या नात्यात बसवायचं. एवढीच अडचण की मुंग्याचा रंग भाजलेल्या विटेचा, तोंड आखूड, आणि उंची माझ्या कमरेला जेमतेम लागते. म्हणून मूळ गावालाच विचारलं. सुकलूभाऊनं सांगितलं, "याचा आजा रानगवा होता."

"कोणी पाहिला?"

"गाईनं."

सोनीबाईला हे पटलं नाही. ती म्हणाली की मुंग्याच्या आजीची आजी तिच्या लग्नात तिच्या बापानं कालवड म्हणून दिली होती, तेव्हा मूळ तिच्या माहेरचं. हे ऐकून शेजारची कलाबाई बाहेर आली, तिच्याही गाईचं मूळ तिचं माहेर. मग सगळ्या टोल्यातल्या बाया जमल्या. मी घरोघर विचारून लिहून घेतलं. एकतीस घरांपैकी सव्वीस घरच्या गाई कुणाच्या ना कुणाच्या लग्नात तिच्या मागून चालत आल्या होत्या. एका म्हातारीला नवऱ्याचं नाव आठवायला वेळ लागला, कालवडीचं नाव लगेच आठवलं. शेवटी मी मूळ या रकान्यात 'माहेर' असं लिहिलं. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं, कारण दुसरं काही खरं सापडलं नाही.

दुसरा रकाना, शरीरलक्षणे. मी टेप घेऊन मुंग्याजवळ गेलो, पुस्तक मोहाच्या बुंध्याला उघडं टेकवून ठेवलं होतं. छातीचा घेर घेईपर्यंत त्यानं मान लांब करून पुस्तकातलं एक पान ओढलं आणि खाल्लं. पाहतो तर गवळाऊचंच पान. म्हणजे त्याच्या अंगात गवळाऊ आहे, एवढं तरी मी छातीवर हात ठेवून लिहू शकतो. (हे मोठ्यानं वाचलं तरी चालेल, आत्या हसली तर कळवा.) पान गेलं तेव्हा मला तू आठवलीस. तू पुस्तकाशिवायच गुरं पाहायचीस. मला काखेत घेऊन पोंभुर्ण्याच्या बाजारात उभी राहायचीस आणि व्यापाऱ्यासमोर सांगायचीस, खूर काळे आणि मिटलेले पाहिजेत, शेपूट मुळाशी जाड आणि पुढे बारीक पाहिजे, कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर गेली पाहिजे. मी तसंच पाहिलं. मुंग्याचे खूर कोळशासारखे काळे, फटीत बोट जात नाही. कातडी सोडल्याबरोबर जागेवर. शेपूट तू म्हणायचीस तशी. तू असतीस तर त्याच्या पाठीवर थाप मारून 'घे' म्हणाली असतीस.

स्वभावाच्या रकान्यात मी 'शांत' लिहिलं आहे. हे लिहिताना मी त्याच मोहाच्या झाडावर होतो आणि मुंग्या खाली होता. खालून सुकलूभाऊ मला धीर देत होता, "तो काई करत नाई साहेब, नुसता उभा राह्यते." पाऊण तास उभा राहिला. पण कामाच्या रकान्यात मला एक अक्षरही वाढवून लिहावं लागलं नाही. या टोल्यातल्या धानाच्या सगळ्या बांध्या मुंग्याची पोरं चिखलतात. मागल्या पावसाळ्यात घोटच्या एकानं बाहेरून आणलेली उंच जोडी इथल्या बांधीत उतरवली. पोटापर्यंत रुतली. नांगर सोडला, दोर बांधले, माणसं ओरडली, काही होईना. मग मुंग्याची दोन पोरं आणली. ती हलकी, पाय आखूड, चिखलावरून अशी गेली जसं अंगणातून जातात, आणि त्यांनी त्या दोन थोराड बैलांना एक एक करून बाहेर काढलं. त्यांना पेंड लागत नाही, रोवणीनंतर जंगलात सोडली की आपलं आपण खातात, वाघाचा वास आला की शेपट्या आत आणि शिंगं बाहेर करून गोल करतात. हे सगळं लिहायला जागा पुरली नाही, मी कागदाच्या पाठीमागे लिहिलं.

आणि मग राहिला दुधाचा रकाना. मुंग्याच्या आईचं रोजचं दूध किती. तो आकडा टाकल्याशिवाय दुहेरी उपयोग होत नाही आणि दुहेरी उपयोग झाल्याशिवाय मुंग्या वाचत नाही. मुंग्याची आई आहे, बुधारी नाव, बुधवारी जन्मली म्हणून. तिच्याखाली सध्या चार महिन्यांची कालवड आहे. मी सोनीबाईला सांगितलं, बाई, एकदाच दोहू द्या, तुमच्या मुंग्यासाठी. तिनं गावाला विचारलं. गाव झाडाखाली बसलं. बराच वेळ गोंडीत बोलणं चाललं, मला त्यातलं 'पाल' म्हणजे दूध एवढंच कळत होतं आणि ते म्हणताना सगळे माझ्याकडे बघत होते. निकाल असा लागला की साहेबानं दोहावं, पण कालवडीचं पोट भरून ती आपणहून बाजूला झाली की मग. तिला ओढायचं नाही, हाकलायचं नाही. जे तिनं ठेवलं ते साहेबाचं.

तीन सकाळी मी लोटा घेऊन बुधारीच्या शेजारी उकिडवा बसलो, आत्या. पहिल्या दिवशी कालवड प्यायली, तिथंच झोपली, उठली, पुन्हा प्यायली. दुसऱ्या दिवशी प्यायली आणि मग नुसती तोंडात धरून उभी राहिली, मला वाटतं मुद्दाम. आणि मी बसून बसून तिची हलणारी शेपटी बघत होतो तेव्हा मला ते सगळं आठवलं जे मला आठवण्याचं वयच नव्हतं, तुझ्या तोंडून ऐकलेलं. माझी आई गेली तेव्हा मी दोन महिन्यांचा. तू मला राजुऱ्याहून पदरात बांधून आणलंस. तुझ्याकडे एकच गाय, नुकती व्यालेली. तू सडांची वाटणी केलीस, दोन सड लटारूचे, दोन सड वासराचे, आणि कुणी चोरून तिसऱ्याला हात लावला तर काठी घ्यायचीस. आपल्या घरी पाहुण्याला सात वर्षं दुधाचा चहा मिळाला नाही, असं श्रावणभाऊ अजून तक्रारीनं सांगतात. वासरू मोठं झाल्यावर तू मला त्याच्यासमोर उभं करून सांगायचीस, हा तुझा दूधभाऊ. पिंजऱ्या त्या गाईच्या नातवांपैकी. मला हे माहीत होतं, आत्या. चिमटा लावताना माहीत होतं, आणि तरी मी फोटोकडे बघून हसलो. ते हसणं मला बुधारीच्या शेजारी बसून पहिल्यांदा दिसलं. फार लाज वाटली. (वहिनी, इथं जरा थांबा. पाणी प्या, तिलाही द्या.)

तिसऱ्या दिवशी कालवड आपणहून बाजूला झाली आणि मोहाच्या झाडाकडे गेली. सोनीबाईनं मान हलवून परवानगी दिली. मी हात लावला. बुधारीला जन्मात माणसाचा हात लागलेला नव्हता, तिनं लाथ मारली ती माझ्या गुडघ्याला, म्हणजे आता तुझा-माझा गुडघा सारखाच. पण लोटा मी सोडला नाही. बुडाला दूध जमलं. पांढरं, दाट, वाफ येत होती. पाच महिन्यांनी मी दूध पाहत होतो. खोलीवर आलो, चुलीवर पाणी उकळत होतं. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. एवढं कळतं की चहा झाला, तो दुधाचा होता, आणि मी तो दारात बसून डोळे मिटून प्यालो. डोळे उघडले तेव्हा समोर सोनीबाई, सुकलूभाऊ आणि अर्धा टोला उभा होता.

सुकलूभाऊनं विचारलं, "किती झालं?"

मोजायचं राहून गेलं होतं, आत्या. तीन सकाळी, एक गुडघा, गावाची बैठक, आणि मापाचं भांडं खोलीत कोरडं ठणठणीत. सोनीबाई परत निघाली. पण जाताना तिनं मागं वळून विचारलं, "चांगलं होतं का?" मी म्हटलं, फार चांगलं होतं, बाई. तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

खोटा आकडा टाकता आला असता. चार लिटर लिहिलं असतं तर कोण बघायला येणार होतं. पण पाठीवर तुझी काठी आहे असं वाटत राहिलं. मी लिहिलं, 'दूध: वासराला पुरून एक कप (मोजण्यापूर्वी वापरले गेले).' आणि दुहेरी उपयोग या शब्दांपुढे लिहिलं, 'होय. एक माणसाचा, एक वासराचा.' प्रपत्र साहेबांकडे गेलं आणि आठवड्यात परत आलं. आडवी तांबडी रेघ, खाली शेरा: शासकीय कागदावर विनोद करू नये. मूळ 'माहेर' म्हणजे काय, खुलासा करावा. बारा मार्चला स्वतः येत आहे, वळू बांधून ठेवावा, फोटोग्राफर सोबत असेल.

तर अशी इकडची हालहवाल. बाकी सर्व ठीक आहे. पळस फुलला आहे, मोह यंदा लवकर गळायला लागला, ताप वगैरे नाही. गुडघा सांभाळ. श्रावणभाऊंना आणि घरातल्या लहानथोरांना जयभीम. तुझ्याकडून काही नको हे मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

तुझा,
लटारू

ता. क. हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. सुकलूभाऊ मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या जत्रेला निघाला आहे, तोच वैनगंगा ओलांडून तुला आणून देईल. नदीला आता गुडघाभर पाणी आहे आणि जत्रेच्या गर्दीत गुरं, बंड्या, माणसं सगळी सोबतच उतरतात, कोण कुठलं हे कुणी विचारत नाही. सुकलूभाऊला चहा दे, पण कोरा. दुधाचा दिलास तर तो तुमच्या वासराला शोधत गोठ्यात जाईल.

दुसरा ता. क. सुकलूभाऊ एकटा आलेला नाही. वहिनी, पत्र खाली ठेवा आणि कुंपणापलीकडे बघा. विटेच्या रंगाचा, कमरेएवढा. तोच. मी 'हिरंगटोला येथे एकही वळू नाही' असा दाखला लिहून ठेवला आहे आणि नोकरीत आजवर खोटा दाखला दिलेला नाही, म्हणून त्याला गावाबाहेर पाठवणं भाग होतं. साहेबांची बदली जूनमध्ये आहे. तोवर ठेव. तुझ्या गोठ्यात वळू नाही, आणि तो का नाही हे आपल्या दोघांना माहीत आहे. पिंजऱ्याच्या बहिणी आहेत. सोनीबाईनं सांगितलं आहे की हा घरजावई म्हणून येतो आहे, तेव्हा पाय धुऊन आत घ्या, आणि पहिली जी कालवड होईल ती पुढं तुमच्याकडच्या कुणा पोरीच्या लग्नात तिच्यामागून चालत जाऊ द्या. मग कुणी मूळ विचारलं तर काय सांगायचं ते तुला ठाऊक आहे. त्याला जर्सीचा पंखा दाखवू नका, सवय लागेल. पुस्तकं, वह्या, रेशनकार्ड उंचावर ठेवा.

तिसरा ता. क. (वहिनी, हा कंस मोठ्यानं वाचा. बाकीचे तुम्ही वाचलेच असणार.) आत्या, सुकलूभाऊला लिहिता येत नाही, पण ऐकलेलं तो एक अक्षर न गाळता सांगतो. मुंग्याला पाहून तू जे काही म्हणशील ते तो इथं येऊन मला जसंच्या तसं सांगेल. शिवी असली तरी चालेल. फक्त ती वहिनींच्या तोंडून पाठवू नको. तुझ्या तोंडून दे.